अठरा तासांचं वाण

अधिकमासात जावयाला विष्णू मानतात, हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी लग्नाला एवढा उशीर केला नसता. दर तीन वर्षांनी एकदा विष्णू व्हायचं, सासुरवाडीला जायचं, पुरणाचे धोंडे खायचे आणि वाण घेऊन घरी यायचं, एवढंच काम. वाण म्हणजे तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा, आणि सोबत ऐपतीप्रमाणे एखादी वस्तू. आधीच्या तीन अधिकमासांत मला दोनदा कळशी मिळाली होती आणि एकदा सफारीचं कापड. सफारी मी अजून शिवलेली नाही, कारण ती शिवली तर घालावी लागेल.

या खेपेला जेवणं झाल्यावर ताट आलं, तेव्हा अनारशांच्या खाली करड्या रंगाचं काहीतरी चपटं होतं. मला वाटलं, अनारसे ठेवायला नवीन तबक आणलंय. मी दिव्याला नमस्कार केला, वरचा एक अनारसा उचलला, तर सासरे म्हणाले, "पाव्हणं, खालचं बगा की."

खाली लॅपटॉप होता.

यात माझाही दोष आहे, तो आधी सांगून टाकतो. युसूफ वडगाव नावाच्या गावात मी हायस्कुलात मराठी शिकवतो. गेली दहा वर्षं सासुरवाडीच्या ओसरीवर बसून मी सांगत आलोय की माझ्या डोक्यात एक पुस्तक तयार आहे, फक्त लिहायला नीट साधन नाही. हे बोलायला बरं वाटतं. ऐकणारा मान डोलावतो, आणि साधनच नाही म्हटल्यावर पुस्तकही लिहावं लागत नाही. बाकी सगळे ऐकून सोडून देत. सासऱ्यांनी मात्र ते मनात धरून ठेवलं होतं.

सासरे घाटनांदूरचे. त्यांना मी मामा म्हणतो, त्यांची मुलं अण्णा म्हणतात. एके काळी आसपासच्या चार गावांत कोणाला बैल घ्यायचा झाला, तर मामांना सोबत नेल्याशिवाय तो बाजाराला जात नसे. मामा आधी बैल लांबून चालताना बघत, मग जवळ जाऊन त्याच्या बरगडीवरून हात फिरवत आणि एका शब्दात निकाल देत. तो निकाल चुकला असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. पुढे घरात ट्रॅक्टर आला, शेवटची जोडी गेली आणि त्या दिवसापासून मामांना कोणी काही विकत आणायला सांगेना. बी-बियाणं थोरला मेहुणा आणतो, किराणा धाकटा आणतो. एकदा मामांनी स्वतःहून एक प्लास्टिकची बादली आणली, तर थोरल्याने सगळ्यांदेखत तिचं बूड अंगठ्याने दाबून आत घालवून दाखवलं. "अण्णा, तुमी कशाला गेलता?" एवढंच तो म्हणाला होता. त्यानंतर दोन वर्षं मामांनी तंबाखूची पुडीसुद्धा दुसऱ्याकडून मागवली.

आणि असा माणूस कोणाला न सांगता सकाळच्या बसने एकटा अंबाजोगाईला जाऊन लॅपटॉप घेऊन आला होता. मला त्या क्षणी खरोखर भरून आलं. तोंडात अनारसा होता म्हणून कोणाला कळलं नाही.

पहिली हरकत सासूबाईंनी घेतली. अधिकमासाचं वाण जाळीदार लागतं, म्हणून तर अनारसे. लॅपटॉपला कुठली आलीय जाळी? मामा याची वाटच बघत होते. त्यांनी लॅपटॉप पालथा केला आणि आवाज बाहेर पडायची बारीक बारीक भोकं दाखवली. "ही काय! मोजली बी हायेत मी. तेहतीसच्या वरच भरली." सासूबाईंनी वाकून बघितलं आणि हरकत मागे घेतली.

दुसरी हरकत थोरल्या मेहुण्याची. त्याने लॅपटॉप दोन बोटांत धरून उचलला, पापड भाजला गेलाय का बघावं तसा उजेडात धरला आणि म्हणाला, "अण्णा, एवढं पातळ कावून घेतलं? ह्यात बॅटरी कुटं मावायची?"

"जाड बैल बगितलाय का कदी औताला?" मामा म्हणाले. "दोन तासात धापा टाकतोय. काटक जनावर दिसभर चालतंय. दुकानात सात मांडले होते. साताच्या बी अंगावरनं हात फिरवला मी. ह्याच्या अंगात चरबीच न्हाई. अठरा तास चालतंय. दुकानदार बी तेच म्हनला."

"दुकानदार म्हननारच की! तुमाला काय कळतंय त्यातलं?"

मामांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. मग अगदी हळू म्हणाले, "अठरा तास न्हाई चाललं, तर ह्या घरात मी परत काडेपेटी बी इकत आननार न्हाई. पाव्हणं, तुमी साक्षीला."

विष्णूच्या नात्याने मी मान डोलावली.

सोमवारी सकाळी बरोबर दहा वाजता मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत लॅपटॉप उघडला. पुस्तकाचं पहिलं वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. बारा वाजून दहा मिनिटांनी पडदा काळा झाला. मला वाटलं, माझाच हात कुठेतरी लागला. बटण दाबलं, परत दाबलं, आणि मग लक्षात आलं की याचं आयुष्य संपलंय. दुसऱ्या दिवशी उजेड अगदी मंद करून बघितलं. तेव्हा दोन तास चाळीस मिनिटं टिकला, पण त्या उजेडात मी काय लिहितोय ते मलाच दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी काहीच न लिहिता नुसता त्याच्याकडे बघत बसलो. तरी तीन तास काही भरले नाहीत.

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "अण्णांनी माझ्यासाठी आयुष्यात दोनच गोष्टी निवडल्या. एक तुम्ही आणि एक हा. दोघंही दोन तासांच्या वर काम करत नाहीत."

"मी गंभीरपणे बोलतोय."

"मीही," ती म्हणाली. मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं. "अण्णांना कळता कामा नये. दादाला तर नाहीच नाही. अण्णा बोलल्यासारखं वागतात. खरंच परत काही आणणार नाहीत ते."

हे मलाही माहीत होतं, आणि म्हणूनच मी शनिवारी शाळा सुटल्यावर गुपचूप अंबाजोगाई गाठली. दुकानदार तरुण आणि फार नम्र होता. नम्र माणसाशी भांडता येत नाही, त्यामुळे मी आधीच अर्धा हरलो.

"अठरा तास म्हणाला होतात तुम्ही."

"होय सर. अठरा तासच आहे. पण त्याच्या काही अटी असतात. उजेड कमीत कमी, इंटरनेट बंद, आवाज बंद, दुसरं काही उघडलेलं नको."

"मग त्यात करायचं काय?"

त्याने विचार केला. "तसं काही करायचं नाही सर. काही केलं नाही तर लई टिकतो."

बदलून देता का, विचारलं, तर त्याने झाकणावर बोट ठेवलं. तेहतीस अनारशांच्या तुपाने तिथे गोल डाग पडला होता, शेजारी हळदीचं बोट होतं आणि बिजागरीत कुंकू गेलं होतं. असा माल कंपनी परत घेत नाही, असं तो म्हणाला. कंपनीचं मला पटलं. मीही घेतला नसता. तरी जाड बॅटरीवाला दुसरा एक मी हातात धरून बघितला. पण तो घरी नेला असता तर मामांनी नुसत्या वजनावरून ओळखला असता, म्हणून खाली ठेवला.

खरी परीक्षा फोनची होती. मामा रोज संध्याकाळी फोन करायला लागले. पूर्वी ते फोन करून लेकीची चौकशी करत, आता थेट मला मागत.

"पाव्हणं, आज किती राहिलं?"

"मामा, अजून बावन्न टक्के आहे."

"सकाळधरनं चालू हाय ना?"

"सकाळपासून."

पलीकडे कोणाला तरी मोठ्याने सांगितलेलं ऐकू यायचं: "बावन राह्यलंय म्हनत्यात!" मग कौतुकाचा गलका. मामा फोन चहाच्या टपरीवरून करत होते, हे मला आठवड्याने कळलं. घाटनांदूरच्या त्या टपरीवर माझ्या बॅटरीचा आकडा रोज जाहीर होत होता.

खोटं बोलायला माझी ना नसते, पण खोट्याची नोंद ठेवायचा मला कंटाळा आहे. मी तोंडाला येईल तो आकडा सांगत होतो. एके दिवशी मामा म्हणाले, "पाव्हणं, काल ह्याच टायमाला बावन होतं, परवा एक्कावन. आज एकसष्ट कसं?" मी म्हणालो, "मामा, सवय होतेय त्याला." हे मी काय बोललो ते माझं मलाच कळलं नाही, पण मामांना ते एकदम पटलं. "व्हय व्हय. नवीन जनावर आदी बुजतंय. मग रुळतंय." दुसऱ्या दिवसापासून बायकोने कॅलेंडरच्या मागे माझे आकडे लिहून ठेवायला सुरुवात केली आणि फोन वाजला की ती मला बोटांनी खुणा करायची.

आणि मग ते झालं जे होणारच होतं. मामांनी फोनवर सांगितलं, "रविवारी येतोय. नुसतं ऐकून मन भरंना. एक दिवस जवळ बसून बगायचंय." मागून थोरल्याचा आवाज आला, "मी बी येतो. मला बी बगायचंय."

गावात मोटारी भरून देणारा एक मिस्त्री माझा दोस्त आहे. मोटारी भरणं म्हणजे विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींना नवीन तार गुंडाळणं. त्याचे अब्बाही हेच करायचे. मी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने मागचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि मला हाताने जवळ बोलावलं.

"सर, ये बगा. ये तुमची बॅटरी."

काळ्या कागदाच्या चपट्या पाकिटासारखं काहीतरी होतं.

"बस, एवढीच?"

"और क्या! घर छोटा तो सामान छोटा. कंपनीने पैले डब्बा बनाया, बाद में सोचा बॅटरी कहाँ रखना." त्याने झाकण लावलं. "ये चलनेवाला माल नै सर. ये वायर के बाजू में बैठनेवाला माल है."

मी त्याला सगळी हकिगत सांगितली: वाण, बरगड्या, काडेपेटी. तो हसेल असं मला वाटलं होतं, पण हसला नाही. त्याने चाकाला गुंडाळलेली एक बारीक, मातकट रंगाची वायर काढली, तिच्या टोकाला सॉकेट जोडलं आणि म्हणाला, "शहाबादी फरशीवर दिसनार न्हाई. वरून गोधडी टाका. बुजुर्ग का दिल है सर, सँभालना."

रविवारी ऊन चढायच्या आत, सातच्या सुमाराला, मोटारसायकल दारात थांबली. तोपर्यंत मी फरशीवर भिंतीला टेकून बसलो होतो. पुढे बैठं मेज, मेजावर लॅपटॉप, मांडीपासून पायापर्यंत गोधडी, गोधडीखाली चार्जर आणि तिथून भिंतीच्या कडेने कपाटामागच्या बटणापर्यंत मिस्त्रीची वायर. उन्हाळा असा होता की भिंतीला हात लावला तर चटका बसायचा.

मामांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली. "पाव्हणं, हे काय? असल्या उन्हाळ्यात गोधडी?"

"पायात वात आलाय, मामा."

हे बोलून मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. मामांनी लेकीला हाक मारली, चुलीवर वीट तापवायला लावली, फडक्यात गुंडाळून आणवली आणि स्वतःच्या हाताने माझ्या पायाशी गोधडीखाली सरकवली. चार्जरपासून ती चार बोटं लांब होती. चार्जर तापलेला, वीट तापलेली आणि मध्ये मी. बायको दारात तोंडाला पदर लावून उभी होती, आणि तो काळजीने लावलेला नव्हता.

"हां, करा सुरू," मामा म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला आणि हात मांडीवर ठेवले.

"थांबला कावून? लिवा की. नुसतं उभं करून काय उपेग? सावलीत उभा बैल कोनाचा बी टिकतोय. काम करताना बगायचंय मला."

अशा रीतीने ज्या पुस्तकाला दहा वर्षं साधन मिळत नव्हतं, ते मला सात वाजून दहा मिनिटांनी लिहायला बसवण्यात आलं. मी जरा थांबलो की मामा घसा खाकरायचे. मला सुचेना. मी जे दिसेल ते लिहायला लागलो. सूर्य उगवला आहे. सूर्य बराच वर आला आहे. मामा समोर बसले आहेत. मामा मधूनच पुढे वाकून अक्षर जुळवत वाचायचे. "ह्यात मी बी हाय की!" एकदा ते म्हणाले आणि नीट बसले, टोपी सारखी केली.

पण त्यांचा खरा जीव वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर होता. तो आकडा शंभर होता. आठ वाजता शंभर, नऊ वाजता शंभर, साडेअकरालाही शंभर. आणि इथे माझी अक्कल किती कमी आहे ते मला कळलं. वायर लावलेली असल्यावर आकडा खाली येणार कसा? मी अठरा तास सिद्ध करायला निघालो होतो आणि हा लॅपटॉप आता जन्मभर चालणार असं दिसायला लागलं होतं. मामांनी टपरीवर फोन लावला. "सकाळी सातला शंबर, आता साडेअकरा, अजून शंबरच! वैरनच खाईना हे जनावर!"

थोरला मेहुणा डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होता. "दाजी, त्या आकड्याच्या शेजारी प्लगसारखं काय दिसतंय?"

"कंपनीचं चिन्ह आहे," मी म्हणालो.

सव्वाबाराला डोक्यावरचा पंखा बंद पडला. वीज गेली होती. आमच्याकडे रविवारी वीज गेली की लाइनमन जेवून उठल्यावरच येते, हे मला माहीत होतं. मी त्या थांबलेल्या पात्यांकडे बघतच राहिलो.

आकडा नव्याण्णव झाला.

"हललं!" मामा खुशीत म्हणाले. "आला घाम एकदाचा."

मग सत्त्याण्णव. मग नव्वद. एक वाजता पासष्ट. मामा हसायचे थांबले. हिशोबाला ते पक्के आहेत. पाच तासांत एक नाही आणि पाऊण तासात पस्तीस, हे त्यांना कागद न घेता दिसलं. त्यांनी खिशात हात घातला, ऊन लागू नये म्हणून वाटेसाठी ठेवलेला कांदा काढला आणि लॅपटॉपच्या शेजारी मेजावर ठेवला. "ऊन बादलं त्याला," ते म्हणाले. थोड्या वेळाने उपरणं भिजवून त्याच्यावर घालायला उठले, तेव्हा मी जवळजवळ किंचाळून त्यांना थांबवलं.

"मामा, जेवून घेऊ. तोवर बंद ठेवतो."

"न्हाई पाव्हणं. मी चार लोकात बोललोय. बंद करून टिकवलं म्हनायला काय? होऊ द्या काय व्हायचं ते. लिवा तुमी."

त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी लिहीत राहिलो. चाळीस झाले, तीस झाले. मला आधी त्या दुकानदाराचा राग आला, मग कंपनीचा, आणि मग फक्त माझा आला. मी दहा वर्षं ओसरीवर बसून साधन साधन केलं नसतं, तर या माणसाला आज असं कांद्याकडे बघत बसावं लागलं नसतं.

वीस टक्क्यांवर असताना थोरला उठला. "ईट निवली असंल दाजी. परत तापवून आनतो," म्हणाला आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्याने गोधडीखाली हात घातला. हाताला वीट लागली नाही, चार्जर लागला. त्याने तो अर्धा बाहेर ओढला. वायरीकडे बघितलं, वायर जिथे जाते त्या कपाटाकडे बघितलं, वरच्या बंद पंख्याकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. मामा आकड्याकडे बघत होते, त्यांना काही दिसलं नाही. थोरल्याने चार्जर आत सारला, गोधडी नीट केली आणि जागेवर जाऊन बसला. वीट तशीच राहिली. मला वाटलं, हा आता वेळ साधणार. बादलीच्या वेळीही तो असाच आधी थोडा वेळ गप्प बसला होता.

सव्वादोनला सात टक्के राहिले. पडदा मंद झाला आणि मधोमध इंग्रजीत दोन ओळींची पाटी आली.

"काय म्हनतंय ते?" मामांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "तुमी न्हाई. तुमी जावई. तुमी गोडच बोलनार." मग ते थोरल्याकडे वळले. "तू वाच. काय लिवलंय ते खरं सांग."

थोरला उठून मेजापाशी आला. गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. दोन ओळी होत्या, पण तो बराच वेळ वाचत होता. बायको दारातून आत आली. मामा खुर्चीच्या कडेला सरकले होते आणि त्यांचे दोन्ही हात टोपीकडे गेले होते.

"अण्णा," थोरला म्हणाला, "ह्यात लिवलंय की ऊन लई हाय. औत सोडा."

"असं लिवलंय?"

"असंच लिवलंय. भर दुपारचं औत कोन धरतंय? आमी बारीक होतो तवा तुमीच बाराला सोडायला लावायचे की. कितीबी चांगला बैल असू द्या, बाराच्या पुढं तुमी कदी धरला न्हाई."

मामा ताडकन उठले. "आयला! खरं हाय की रं. सव्वादोन वाजले! मुकं हाय म्हनून बोलंना बिचारं, आन मी आपला धरलाय." त्यांनी दोन्ही हातांनी लॅपटॉपचं झाकण लावलं, जिथे तुपाचा डाग होता तिथे तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. "सोडा पाव्हणं. तुमी बी सोडा. पाय कसंय तुमचं?"

"बरं वाटतंय," मी म्हणालो. तेवढंच त्या दिवशी मी खरं बोललो.

मामांनी थोरल्याकडे बघितलं. विचारायला त्यांना जड जात होतं, तरी विचारलं. "मग? काय म्हनतोस?"

"सकाळच्या सातपासनं सव्वादोन. भर उन्हात, न थांबता," थोरला म्हणाला. "सावलीला धरलं तर अठरा कुटं जात न्हाईत."

मामा जेवायला बसले आणि चार भाकरी खाल्ल्या. बायकोने त्यांना वाढलं, मग भावाला वाढलं आणि भावाच्या भाकरीवर न विचारता तुपाची अख्खी वाटी उपडी केली.

चार वाजता ऊन जरा उतरल्यावर ते निघाले. मामा आत लेकीचा निरोप घेत होते. थोरला दारात मोटारसायकल पुसत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"दाजी, खरं किती?" त्याने मान वर न करता विचारलं.

"दोन तास दहा मिनिटं."

"बाबौ. मला वाटलं, तीन तरी असंल." तो खुदकन हसला, मग मीही हसलो, आणि मामा बाहेर आले तेव्हा आम्ही दोघंही चाकात काहीतरी अडकलंय असं दाखवत खाली वाकलो होतो.

मामा मागच्या सीटवर बसले. टोपी घट्ट केली. मग पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुज्या पोरीला औंदा कॉलेजात लॅपटॉप लागनार ना रं?"

"लागनार की."

"मग तू दुकानात जाऊ नको. मी आनतो. ह्याच्या बी परीस पातळ एक बगून ठेवलाय मी."

थोरल्याचा पाय किकवर होता, तो तसाच राहिला. आरशात मला त्याचं तोंड दिसत होतं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्यामागे उभ्या असलेल्या बहिणीकडे, आणि मग समोर रस्त्याकडे.

"आना, अण्णा," तो म्हणाला. "तुमीच आना."